खोलीचा आवाज वेगळा, गाण्याचा वेगळा

पहाटे ५

कार्तिकात आमच्या बीबी गावाचा दिवस काकड्याने उजाडतो. देवळावरच्या भोंग्यातून टाळांचा नाद घराघरांवरून जातो. आज ज्या भजनी मंडळाचे अभंग मला मिक्स करायचे आहेत, त्यातली बरीच माणसं या वेळी देवळात उभी असतात. मीही थोडा वेळ तिथे जाऊन बसतो. यात भक्ती आहेच, पण कामही आहे. स्पीकरमधून येणारा आवाज खरा की खोटा हे ठरवायचं तर खरा आवाज कानात ताजा हवा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर हात पडला की तो नाद कानाआधी छातीला कळतो. शाईच्या बाजूचा बोल त्याच्यावर स्वच्छ उमटतो. टाळाचा पहिला आघात टोकदार असतो आणि मागे बराच वेळ झंकार रेंगाळतो. गाणारा देवळाच्या दगडी भिंतींमध्ये गातो, तरी त्याचा शब्द कळतो.

बाहेर पडलं की तेच गाणं भोंग्यातून ऐकू येतं. खालचा घुमारा गेलेला, वरची झळाळी गेलेली, फक्त मधला पट्टा उरलेला. गायक तोच, क्षणही तोच, आणि आवाज दोन. माझ्या दिवसभराच्या कामाचा सगळा प्रश्न या दोन आवाजांत आहे: ऐकू येतंय त्यातलं गाण्याचं किती आणि मधल्या यंत्राचं, खोलीचं किती?

सकाळी ७

स्टुडिओ म्हणजे घरातलीच खोली. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंचीही १० फूट, वर सिमेंटचा स्लॅब. आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत अशा मापाच्या खोल्या गावोगाव सापडतील. राहायला उत्तम, ऐकायला अवघड.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लाट तिथे ठाण मांडून बसते. ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की त्या लाटेची वारंवारता मिळते. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणून लांबीच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झ. उंचीही १० फूटच असल्यामुळे तिथेही ५६. एकाच जागी दोघांचं ओझं पडतं. भिंतीलगत आणि कोपऱ्यांत हे सूर फुगतात, खोलीच्या मधोमध विरतात. ऐकणाऱ्याची खुर्ची दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर, म्हणजे रुंदीच्या मध्यावरच ठेवावी लागते. त्यामुळे माझ्या खुर्चीवर ५६ च्या आसपास खड्डा पडतो. तो भरायला कोणी ईक्यूने, म्हणजे सुरांचे पट्टे वरखाली करणाऱ्या साधनाने, खालचा सूर चढवला, तर या खोलीत गाणं छान वाटेल आणि दुसरीकडे नुसतं घुमेल.

घरी स्टुडिओ करणारी तरुण पोरं मला सर्वात आधी विचारतात, की स्पीकर कोणते घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी खोली. ५६ हर्ट्झची एक लाट सहा मीटरहून लांब असते. दोन इंची स्पंजच्या तुकड्यांनी ती अडत नाही, आणि भिंतीवर चिकटवलेल्या अंड्यांच्या ट्रेने तर मुळीच नाही. अशा पातळ थरांनी फक्त वरचे सूर शोषले जातात. खोली मंद होते, पण खालचा गोंधळ तसाच राहतो आणि तोल आणखी बिघडतो. मी चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूलच्या चौकटी उभ्या केल्या आहेत, वरून मांजरपाटाचं कापड. बाजूच्या भिंतींवर आणि डोक्यावर तशाच चौकटी, पण भिंतीपासून चार बोटं सोडून, कारण मागे हवेची जागा राहिली की तोच थर आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतो. आपला मुलूख कापसाचा, म्हणून रुईच्या जाड गाद्याही या कामाला येतात. मात्र कापूस चटकन पेट घेतो, तो वायरिंग आणि प्लगबोर्डापासून लांबच ठेवावा. रॉकवूल पेटत नाही, पण ते कापताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेत.

या शास्त्राची सुरुवातही अशाच एका त्रासदायक खोलीतून झाली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रात्री, कारण तेव्हा शांतता असे. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: आवाज विरायचा वेळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. माझी खोली सुमारे ३४ घनमीटर. आवाज ०.३ सेकंदात विरायला हवा असेल तर सुमारे १८ चौरस मीटर पूर्ण शोषणाइतकं काम खोलीत हवं. भिंती, जमीन आणि स्लॅब मिळून पृष्ठभाग साधारण ६३ चौरस मीटर. म्हणजे कापडामागे किती भाग झाकावा लागेल याचा अंदाज वही-पेनाने येतो. छोट्या खोलीत अगदी खालच्या सुरांना हे सूत्र नीट लागू पडत नाही. तिथे मोजमापच करावं लागतं.

सकाळी ८

हे मोजमाप ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने होतं. डोकं जिथे येतं तिथे मोजणीचा माइक उभा करायचा, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा एक आवाज सोडायचा, की पडद्यावर खोलीचा आलेख उमटतो. कुठे फुगवटा, कुठे खड्डा, कोणता सूर किती वेळ रेंगाळतो, सगळं दिसतं. तो आलेख छापून टेबलासमोर लावला आहे. तो दिसायला सुंदर नाही, सपाटही नाही. पण खोली कुठे फसवते ते माहीत असलं की तिथे एकट्या कानावर भिस्त ठेवायची नाही, एवढं कळतं.

हे मोजमाप रोज लागत नाही. रोज लागते ती फीत. घरातली खोली आहे, झाडलोट करताना स्टँड सरकतो. दोन्ही स्पीकर आणि माझं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरचा वरचे सूर देणारा भाग कानाच्या उंचीला हवा. समोरच्या भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर लांबीच्या सुमारे ३८ टक्के, म्हणजे माझ्या खोलीत साडेचार फुटांच्या आसपास. बरोबर मध्यावर बसलं तर ४७ हर्ट्झचा सूर जवळजवळ गायब होतो. ३८ टक्के हा आकडा सुरुवातीपुरता, पुढे माइक इंच-इंच सरकवून जागा पक्की करायची. स्पीकर त्याच्या मागच्या भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट सुमारे १४३ हर्ट्झला मूळ लाटेच्या विरुद्ध पडते आणि तिथे खड्डा होतो. अंतर बदललं की खड्ड्याची जागा बदलते. म्हणून जमिनीवर रंगाने खुणा केल्या आहेत आणि फीत त्या खुणांना लावतो.

बाजूच्या भिंतीवर चौकट नेमकी कुठे हवी, हे आरसा सांगतो. आपण खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने भिंतीला टेकवून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर जिथे दिसला, आवाज तिथूनच उसळून कानावर येतो. चौकट तिथे टांगायची.

सकाळी ९

कामाला बसण्याआधी आवाजाची पातळी ठरवतो. पिंक नॉइज हा सगळ्या पट्ट्यांत सारखी ताकद असलेला फुसफुसणारा आवाज. तो एकेका स्पीकरमधून सोडून खुर्चीवर सुमारे ७५ डेसिबल भरेल असं आवाजाचं बटण लावतो, आणि त्या ठिकाणी बटणावर पांढरी खूण आहे. दिवसातलं मुख्य काम त्याच खुणेवर. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. हळू आवाजात मिक्स करणारा पखवाज वाजवीपेक्षा चढवतो, मोठ्याने ऐकणारा तो उतरवतो. पातळी एकच ठेवली की निदान कानाचा काटा रोज एकाच जागी राहतो.

मग आधी दुसऱ्यांची गाणी. भीमसेन जोशींनी गायलेले, राम फाटकांनी स्वरबद्ध केलेले अभंग. श्रीनिवास खळ्यांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेले ‘अभंग तुकयाचे’. यांत शब्द कसा पुढे उभा असतो आणि ताल त्याला कसा वाट देतो, ते कानात बसवायचं. शिवाय अलीकडचं एक, म्हणजे ‘सैराट’मधलं. २०१६ सालच्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंद हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. ज्या मोबाइलवर आमच्या मंडळाचा अभंग वाजेल, त्याच मोबाइलवर त्याच्या आधी-मागे ते गाणंही वाजणार आहे. ऐकणारा दोन्ही एकाच कानाने ऐकतो. मात्र तुलना करताना बाहेरच्या गाण्याचा आवाज उतरवून माझ्या मिक्सच्या बरोबरीला आणतो. तयार गाणी मोठ्या आवाजात बांधलेली असतात, आणि जे मोठं वाजतं ते कानाला उगीचच चांगलं वाटतं.

सकाळी १० ते १२

हे दोन तास सर्वात मोलाचे. कान ताजे असतात, म्हणून अवघड निर्णय याच वेळेत घेतो.

पहिला पखवाज. त्याच्या दोन तोंडांसमोर दोन माइक. एका बाजूला कातडं आत जातं तेव्हा दुसऱ्या माइकला त्याचा उलटा परिणाम मिळू शकतो. दोन्ही ट्रॅक जसेच्या तसे एकत्र केले तर घुमारा पातळ होतो. म्हणून एका ट्रॅकची ध्रुवता उलटी करून पाहतो. जिकडे आवाज भरीव होतो ते खरं. ईक्यूला हात लावण्याआधी एवढं केलं तर पुढचं निम्मं काम राहतच नाही. मग ५६ च्या पट्ट्याचा प्रश्न. खुर्चीवर तो मला कमी ऐकू येतो हे आलेखाने सांगितलेलं आहे, म्हणून तिथे मी स्पीकरवर निर्णय घेत नाही. हेडफोन लावतो, पडद्यावरचा आलेखही पाहतो, आणि पहाटेच्या पखवाजाशी ताडून पाहतो. तिन्हींचं एकमत झालं तरच फेडर हलतो.

दुसरं काम टाळांचं, आणि भजनाच्या मिक्सिंगमधलं खरं कठीण काम तेच. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. टाळांची धार त्याच पट्ट्यात असते, आणि ‘त’, ‘क’, ‘च’, ‘ट’ अशा व्यंजनांची स्पष्टताही तिथूनच मिळते. टाळ थोडे वर राहिले की अभंगाचे शब्द त्यांच्याखाली दबतात. टाळ फार उतरवले तर भजन भजन राहत नाही. म्हणून टाळ थोडे दोन्ही बाजूंना पसरवतो आणि गायकाला मध्यात जागा करून देतो. शिवाय गायकाचा शब्द आला की टाळांचा तेवढाच पट्टा एक-दोन डेसिबलने खाली यावा आणि शब्द संपला की परत वर जावा, असा प्रोसेसर लावतो. नीट लागला तर तो ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याला फक्त अभंगाची ओळ कळते.

मंडळ एकत्र बसून गायलेलं आहे, त्यामुळे गायकाच्या माइकमध्येही टाळ शिरलेले आहेत. दीड मीटरवरचा टाळ गायकाच्या माइकपर्यंत सुमारे ४.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. टाळांच्या स्वतःच्या माइकमधला आवाज आणि हा उशिरा आलेला आवाज मिसळले की काही सूर खोडले जातात, काही दुणावतात. म्हणून गायकाच्या ट्रॅकवर आवाजाचे चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर हलकाच लावावा लागतो, कारण तो जितका दाबाल तितके मागचे टाळ वर येतात. पेटी आणि वीणा यांना फारसं करावं लागत नाही. त्यांची जागा नेमकी ठरवली की पुरे.

दुपारी १२

स्पीकर बंद. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. त्यानंतर निदान तासभर कानावर काही पडू द्यायचं नाही. कान थकतात तेव्हा ते दुखत नाहीत. फक्त वरचे सूर कमी ऐकू येऊ लागतात आणि हात आपोआप झळाळी वाढवतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलला दिवसात आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीमागे चालणाऱ्या पोरांनी हा हिशोब लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि या धंद्यात तेच भांडवल आहे.

दुपारी २

वीज गेली. इन्व्हर्टर आहे, पण स्वस्त इन्व्हर्टरची वीज सायन वेव्ह नसते. तिच्यावर स्पीकरमधून बारीक गुंजन येतं. ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतले सूर सगळ्या शांत जागांत भरतात. शिवाय शिवारात थ्री फेज आली की विहिरींवरच्या मोटारी सुरू होतात आणि गावातला दाब खालीवर होतो. म्हणून स्टुडिओच्या सगळ्या यंत्रांना एकाच ठिकाणाहून जोडणी, चांगलं अर्थिंग आणि शुद्ध सायन वेव्ह देणारा इन्व्हर्टर, हा खर्च महागड्या माइकच्या आधीचा. वीज येईपर्यंत लॅपटॉपच्या बॅटरीवर हेडफोन लावून सफाईचं काम करतो: श्वास, खोकला, रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न. मेहकर-सिंदखेडराजा रस्ता जवळ आहे, रेकॉर्डिंगमध्ये एखादा ट्रक शिरतोच.

हेडफोनवर खोली मध्ये येत नाही, म्हणून बारीक दोष लगेच सापडतात. पण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, ही गोष्ट तिथे घडत नाही. म्हणून हेडफोनवर वाद्यं फार लांब पसरलेली वाटतात. सफाई हेडफोनवर करतो. वाद्यांची जागा आणि पसारा मात्र स्पीकरवरच ठरवतो.

दुपारी ४

आता गाणं खोलीबाहेर न्यायचं. मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई चित्रपटांचं रि-रेकॉर्डिंग करायचे. ‘शोले’च्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे. तिथे मिक्सिंग चित्रपटगृहासारख्या दालनात व्हायचं, कारण लोक चित्रपटगृहातच ऐकणार होते. आमचे श्रोते कुठे ऐकणार? मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर, ट्रॅक्टरवरच्या टेपवर, देवळाच्या भोंग्यावर. मग तिथेच जाऊन ऐकायला हवं.

पहिली चाचणी मोनोची. डावा-उजवा एकत्र केल्यावर पखवाज पातळ झाला किंवा टाळ नाहीसे झाले तर ध्रुवतेत किंवा पसाऱ्यात कुठेतरी चूक आहे. भोंगा मोनोच असतो, त्यामुळे ही चाचणी इथे ऐच्छिक नाही. मग मोबाइल: त्याच्यात ५६ हर्ट्झ येतच नाही. तरीही पखवाजाची लय कळली पाहिजे, म्हणजे तिचा आधार वरच्या सुरांतही हवा. नसेल तर पखवाजाला हलकी विकृती देऊन वरचे सूर जागे करतो. मग ट्रॅक्टर: इंजिन सुरू ठेवून शब्द कळतात का ते पाहतो. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी आलेला स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत अशाच चाचणीसाठी बसला. तो कानाला गोड नव्हता, पण मधल्या पट्ट्यातले दोष लपवत नव्हता. प्रत्येक ठिकाणी जे खटकतं ते वहीत लिहितो आणि लगेच बदलत नाही. एकच तक्रार तीन ठिकाणी आली तर ती गाण्यातली. एकाच ठिकाणी आली तर ती त्या स्पीकरची.

संध्याकाळी ६

मंडळाचे गायक बुवा आणि पखवाजवाले काका येतात. ‘राम कृष्ण हरी’ होतं, चहा होतो. काका सतरंजीवर, खोलीच्या मधोमध बसतात आणि थोडं ऐकून म्हणतात, ‘बाबू, माह्या डाव्या हाताचा घुमारा कुठं गेला?’

त्यांचा कान बरोबर आहे. मी त्यांना म्हणतो, ‘काका, आता जरा या खुर्चीवर बसून पाहा.’ ते बसतात, ऐकतात. ‘हां, इथं थोडा येऊन राहिला.’ मग मी त्यांना मागच्या भिंतीला टेकवतो. ‘अन् इथं तर लयच घुमून राहिला!’ एकच गाणं, एकच पातळी, तीन जागा. आयुष्यात ध्वनिशास्त्राचं पुस्तक न पाहिलेल्या माणसाने ध्वनिशास्त्राचा पहिला धडा स्वतःच्या कानांनी ताडून पाहिला. शेवटी मी त्यांना हेडफोन देतो. ते डोळे मिटून शेवटच्या गजरापर्यंत ऐकतात आणि सांगतात, की घुमारा आहे, पण दुगणीत तो थोडा उशिरा सुटतो. हे मला कळलं नव्हतं आणि यंत्रानेही दाखवलं नव्हतं. कॉम्प्रेसरची सोडण्याची वेळ कमी करतो. काका मान डोलावतात.

बुवांची मागणी एकच: ‘माउली, शब्द कळले पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही पाहा.’ माझ्या मते मिक्सिंगची याहून नेमकी व्याख्या नाही.

रात्री ८

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई उघडते. दूर कुठेतरी बेस सुरू आहे, म्हणून आता ऐकण्याचे निर्णय घ्यायचे नाहीत. मोजमापाची कामं करायची. गाण्याची सरासरी पातळी एलयूएफएस या एककात मोजतात. तिची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवून दिली. स्पॉटिफाय गाणी −१४ च्या आसपास आणून वाजवतं. म्हणजे आपण गाणं कितीही दाबून मोठं केलं तरी तिथे ते खाली उतरवलं जातं, आणि हाती उरतो फक्त दाबलेपणा. भजन संथ सुरू होतं आणि गजरात टिपेला जातं. हा चढ हेच त्याचं रूप, तो चिरडायचा नाही. म्हणून सरासरी −१४ च्या जवळ, सर्वोच्च टोक −१ डेसिबलच्या खाली. मंडळासाठी एक प्रत, भोंग्यासाठी खालचे सूर कापलेली मोनो प्रत, आणि सगळ्या मूळ ट्रॅकची नक्कल दोन वेगळ्या डिस्कवर.

उद्या सकाळी १० ला ताज्या कानांनी एकदा शेवटचं ऐकून मगच फाइल पाठवेन. हे गाणं गावातल्या माणसांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून रेकॉर्ड केलं आहे. अशी ध्वनिमुद्रणं इथे फार होत नाहीत, आणि यातल्या काही आवाजांचं हेच एकमेव ध्वनिमुद्रण असेल. पुढे कोणी ऐकेल तेव्हा त्याला माझी दहा-बाय-बाराची खोली ऐकू येता कामा नये. काकांचा डावा हात आणि बुवांचा शब्द ऐकू यावा. फीत, आरसा, आलेख, खुणेची पातळी हे सगळं त्यासाठीच आहे, आणि यातलं बहुतेक थोड्या पैशांत कोणत्याही गावात जमण्यासारखं आहे.